वहीतली ठकूबाई

ठकूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या नवऱ्याला रागावत होती. आमच्या लग्नाला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं, आणि ह्यांना रागवायचा हक्क आपल्या एकटीचा, असं मी धरून चालले होते.

हे मुळशीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळा पोटासाठी, पाखरं जिवासाठी. सासऱ्यांनी दिलेली एक जुनी दुर्बीण गळ्यात घालून सुट्टीच्या सकाळी हे तलावाच्या वरच्या सड्यावर जायचे. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. काळा कातळ, त्यावर चार बोटं माती, आणि तेवढ्या मातीत पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. झाड नावाला नाही. जी पाखरं जमिनीवरच चालतात, जमिनीवरच घर करतात आणि गाण्यापुरती आभाळात जातात, त्यांचं ते राज्य. चंडोल आणि त्याचे भाऊबंद. ह्यांना नेमका त्यांचाच नाद. मोर, पोपट, खंड्या असली रंगीत मंडळी ह्यांना फारशी रुचत नसत. मातीच्या रंगाचं, मातीत बसलेलं, बघितलं तरी न दिसणारं काही असलं की स्वारी खूष. मी नारायण पेठेत वाढलेली. पातळाला चिकटलेली कुसळं काढत मागून चालायची.

भाद्रपद उतरत आला होता. एक चंडोल वर ठिपक्याएवढा होऊन गात होता आणि हे मान मोडेपर्यंत वर बघत पुढे चालले होते. तेवढ्यात गवतातून बाईमाणसाचा आवाज आला.

"मास्तर, पाय हाय तितंच ठिवा. हलवू नका."

हे एका पायावर थांबले. गवताच्या भाऱ्याआडून एक काटकुळी बाई उठली. ओचा खोचलेला, हातात विळा, दातांना मिसरी, पाय अनवाणी.

"आभाळात काय बघताय? वर गातुया त्यो बाप हाय. लेकरं तुमच्या टाचंखाली हायेत."

मी वाकून पाहिलं. गवताच्या बुडख्याला वाटीएवढा खळगा होता आणि त्यात तीन पिल्लं, ढेकळाच्या रंगाची, अंग चोरून बसलेली. ह्यांची टाच त्यांच्यापासून चार बोटांवर होती. ही मला म्हणाली, "बाई, तू तरी खाली बघायचं." ह्यांना 'तुमी' आणि मला 'तू'. त्या भागात बाईमाणूस बाईमाणसाला मायेनंच 'तू' म्हणतं हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी ते लक्षात ठेवलं.

ती ठकूबाई. वरच्या वाडीतली, वय चाळिशीच्या आसपास. नवरा मुंबईला डबे पोचवायचा, शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी यायचा. घरात दीर आणि जाऊ. तिचं माहेर धरण झालं तेव्हा तलावाच्या पाण्याखाली गेलेलं. खाचरं बुडाली तशी तिच्या बापानं चंबूगबाळं उचलून वर वरकसावर, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, झोपडी घातली, आणि ही पोर गुरांच्या मागे सड्यावर वाढली. अक्षर येत नव्हतं. पण सड्यावरचा कुठला दगड कुठल्या पाखराचा, हे तिला असं ठाऊक होतं जसं आपल्याला शेजारी कोण राहतं ते ठाऊक असतं.

त्या दिवसापासून हे तिचे शिष्य झाले. मास्तर माणूस, पण तिच्यापुढे पहिलीतल्या मुलासारखा बसायचा. आणि तीही असं शिकवायची, जे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. ह्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात चोचीची लांबी, पिसांचे पट्टे, शेपटीची कड असलं बारीक छापलेलं होतं. ठकूबाई म्हणायची, "पाखरू बघायचं न्हाई, पाखरू कुटं बसलंय ते बघायचं. जागा सांगती नाव." धोंड्यावर, वारुळावर चढून बसतो तो शेंडीवाला चंडोल. उकरलेल्या ढेकळांत पोट टेकून दबतो तो डोंबारी. भाताच्या कापलेल्या खाचरात तुरूतुरू पळते, थांबून शेपूट हलवते ती तिरचिमणी. "ती चंडोलाची न्हवं. तुमी दोघांस्नी एका माळंत ओवताय. चोच बघा तिची, सुईवानी. किडं येचती ती. ह्याची जाड हाय, ह्यो दानं फोडतुया." आणि एक तांबड्या शेपटीचा, जो गवतातसुद्धा जात नाही, नुसत्या उघड्या खडकाळ उतारावर राहतो. हे त्याच्या घरट्यामागे सहा वर्षं लागले. ठकूबाई म्हणायची, "त्यो लई लबाड. मला बी दावत न्हाई."

घरटं शोधायची तिची रीत मी शंभरदा पाहिली. पाखरू उतरलं म्हणून ती तिकडे धावायची नाही. "उतरतं तितं घर नसतं. उतरतं लांब, आन् मंग चालत जातं." म्हणून ती आधी पाठ फिरवून बसायची. तळपायातला काटा काढायची, नाहीतर उगीच गवताची दोरी वळायची. आपण बघतोय हे पाखराला कळता कामा नये. अर्धा तास, तासभर. मग एकदम हळू आवाजात म्हणायची, "गेलं घरात." आणि दाखवायची ती हनुवटीनं. बोट कधी करायची नाही. दुधीच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की फळ सडतं, तसं घरट्याला बोट दाखवलं की अंडी नासतात, ही वाडीची समजूत. हे पहिल्याच दिवशी हौसेनं बोट करून बसले, तर तिनं ह्यांना ते बोट स्वतःच्याच दातांनी चावायला लावलं. ह्यांनी चावलं.

पुढे एकदा जेवताना ह्यांना मीठ हवं होतं. ह्यांनी ते हनुवटीनं दाखवलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी मिठाची वाटी अशी आपटली की निम्मं मीठ पाटावर सांडलं. "काय झालं?" हे विचारत राहिले. काय सांगणार होते मी? की तुमच्या मानेला आता दुसऱ्या बाईची सवय लागली आहे?

आता स्पष्टच सांगते. मला तसला संशय आला होता. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले आणि दोघांकडे बघितलं, तर ती दोघं एकमेकांकडे बघतच नव्हती. दोघंही एका शेणाच्या पोवाकडे बघत होती, ज्याच्या आडोशाला एक तिरचिमणी अंड्यांवर बसली होती. संशय गेला. पण संशय परवडला असता, इतकं वाईट मला त्यानंतर वाटायला लागलं. संशयावर भांडता येतं. हा माणूस आपल्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतो आणि आपण शेजारी उभं राहून डास मारतो, ह्यावर काय भांडायचं? कानामागून आली आणि तिखट झाली. मला तिचा हेवा वाटायचा. सकाळी उठल्यापासून वाटायचा.

आणि बाई हेवा करावा अशीच होती, तेच तर दुःख. डोंबाऱ्याचंच घ्या. हा चिमणीएवढा पक्षी, हवेत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली पडतो, आणि आता आपटणार असं वाटताना शीळ घालत पुन्हा वर उसळतो. पुन्हा पडतो, पुन्हा उसळतो. खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यासारखा, म्हणून ते नाव. पोटाखालून काळाभोर. ह्यांनी वहीत त्याच्याशेजारी आणखी एक पक्षी लिहून ठेवला होता: 'आकार तोच, रंग मातकट, पोट पांढुरकं, नाव अज्ञात.' दोन वर्षं हे त्या अज्ञाताचं नाव पुस्तकात हुडकत होते. शेवटी ठकूबाईला विचारलं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"मास्तर, ती त्याची बायकू हाय. नवरा काळा हाय म्हून बायकू येगळ्या जातीची व्हती व्हय?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं बगा की. बाई गोरी, तुमी काळं. तुमाला बी कुनी दोन पाखरं म्हनंल."

हे हसले. मीही हसले, हसावंच लागलं. घरी आल्यावर ह्यांनी वहीत तो उतारा खोडून त्यापुढे लिहिलं, 'नर व मादी. ठकूबाईने सांगितले.' वहीत पानोपानी हे असं: 'ठकूबाईने दाखवले', 'ठकूबाईचे म्हणणे', 'ठ. म्हणते की'. मला हे माहीत होतं, कारण वहीची स्वच्छ प्रत मी करायची. ह्यांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी चालत गेलेली. माझं अक्षर शाळेत बक्षीस मिळवलेलं. दुपारी हे शाळेत असताना मी पाट घेऊन बसायची आणि उतरवून काढायची. त्या संसारात तेवढं एकच काम असं होतं जे ठकूबाईला येत नव्हतं.

चैत्र-वैशाखात तिकडे राब भाजतात. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर देऊन पेटवायचं, म्हणजे जमीन भाजून निघते आणि रोप जोमानं येतं. नेमका तोच डोंबाऱ्याचा अंडी घालायचा हंगाम, आणि नांगरून ठेवलेली ढेकळं त्याच्या आवडीची. ठकूबाई राब पेटवायच्या आदल्या दिवशी आपल्या तुकड्यात सबंध दुपार पाठ करून बसायची. जिथे घरटं असेल तिथे सुपाएवढा गोल सोडून बाकीचं भाजायची, आणि जाळ गोलाकडे सरकू नये म्हणून ओली माती लावायची. दीर करवादायचा. एकदा मी तिथेच होते.

"वैनी, तेवढ्या जागंत रोप पिवळं पडतंय. दर साली सांगतुया."

"पडू दे."

"आन् लोकं हसत्यात."

"तुला हसत्यात का मला?"

"मला."

"मंग तू बी हस त्यांच्यासंगं," असं म्हणून ती जाळावर माती ओढत राहिली. पुढे आषाढात ते रोप मी मुद्दाम पाहायला गेले. हिरव्यागार तुकड्यात तो गोल खरंच पिवळा होता, आणि दीर तेवढंच रोप सोडून बाकीचं उपटत होता. मला वाटलं, इतकं ठाम आपल्याला काहीच कधी करता आलं नाही. कौतुक वाटायला हवं होतं. पोटात दुखलं.

मग मी ठरवलं की आपणही शिकायचं. गुपचूप. दोन सुट्ट्यांच्या मध्ये, हे शाळेत गेले की मी एकटीच सड्यावर जायला लागले. आषाढातली एक उघडीप होती. ढग उचलले होते आणि खाली तलाव लख्ख दिसत होता. कातळाच्या कडेला बसले असताना मला वेड्या राघूंचा आवाज आला. ते हिरवे, बारीक, तारेवर रांगेनं बसणारे. त्यांचं ते टिर्रर्र, टिर्रर्र. मी ताडकन उठले. पावसाचा जोर झाला की वेडे राघू घाटमाथा सोडून जातात आणि दसऱ्याच्या सुमाराला परत येतात, असं ह्यांच्या वहीत मीच उतरवलं होतं. आणि इथे ऐन आषाढात राघू. दिसले नाहीत, पण आवाज इतका स्पष्ट की शंकेला जागा नाही.

हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. तसा चेहरा माझ्यामुळे उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. ह्यांनी वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं, 'आषाढात सड्यावर वेडे राघू. सौ.ने ऐकले.' दोन दिवस मी जमिनीवरून चालत नव्हते. शिरा केला.

तिसऱ्या दिवशी रविवार. हे ठकूबाईला घेऊन आले, तिघं सड्यावर गेलो. त्याच कातळाशी तोच आवाज आला. मी ठकूबाईकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की सांग आता.

ती ऐकत राहिली. मग हनुवटीनं एक धोंडा दाखवला. धोंड्यावर शेंडी उभारून चंडोल बसला होता. त्याची चोच हलत होती आणि राघूचा आवाज येत होता. मग त्याच चोचीतून टिटवी आली, मग बुलबुल, मग आणखी कोण कोण, आणि शेवटी त्याचं स्वतःचं.

"राघू गेलं कवाच," ठकूबाई म्हणाली. "ह्यो उन्हाळ्यात त्येंच्याजवळ बसून शिकलाय. आता ध्यान आलं की म्हनतुया."

हे मोठ्यानं हसले. ती हसली. त्यात माझी टिंगल नव्हती, चंडोलाचं कौतुक होतं. इतक्या वर्षांनी मी एवढं म्हणू शकते. तेव्हा म्हणता येत नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी वही उघडली, पट्टी घेतली आणि 'सौ.ने ऐकले' ह्यावर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, 'चंडोलाची नक्कल. ठकूबाईने ओळखले.' मास्तरकीची सवय. चूक दिसली की खोडायची. ह्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ती रेघ राहिली.

त्याच वर्षी ह्यांनी पुण्याच्या एका मासिकासाठी लेख लिहिला, 'माळावरची पाखरे'. सहा महिने खपून. लिहिताना ठकूबाईला सांगून बसले, "ठकूबाई, तुमचं नाव छापून येणार." ती म्हणाली, "माझ्या नावाचं काय करायचं छापून?" पण त्या आठवड्यात सबंध वाडीला ठाऊक झालं होतं. जाऊबाईनं पाणवठ्यावर सांगितलं, दिरानं मुंबईला भावाला पत्र लिहवून धाडलं. जो दीर पिवळ्या रोपावरून कुरकुरत होता, तो ह्यांना वाटेत थांबवून विचारायचा, "मास्तर, वैनीचं पुस्तक कवा येतंय?"

लेखाची स्वच्छ प्रत मी केली. चार दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी पहिल्यांदा तिचं नाव आलं: 'वरच्या वाडीतील ठकूबाई ह्यांनी दाखवल्याप्रमाणे.' मी लिहिलं, 'निरीक्षणावरून असे दिसते की.' एकदा करून पाहिलं. वाक्य छान वाचत होतं, उलट जास्त शास्त्रीय वाटत होतं. मग पुढचंही केलं. अकरा ठिकाणी तिचं नाव होतं; चौथ्या दुपारी एकही उरलं नाही. ह्यांचा माझ्यावर इतका विश्वास की प्रत न वाचता पाकिटात घातली. कच्चा कागद मी चुलीत घातला. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्या चार दुपारी फार बरं वाटलं होतं.

अंक आला तेव्हा हे दारातच उभे राहून वाचू लागले. मी तांदूळ निवडत होते. पानं उलटली, परत मागे उलटली.

"तिचं नाव कुठंच नाही गं."

"जागा कमी पडली असेल," मी मान वर न करता म्हटलं. "संपादक कापतात."

ह्यांना ते पटलं. पटणार नाही तर काय. बायकोवर संशय घेण्याचा गुण ह्या माणसात नव्हताच. "आता मी तिला काय तोंड दाखवू?" म्हणून हे आठवडाभर वर फिरकले नाहीत. आणि त्या आठवड्यात हे मास्तरांच्या सभेला पौडला गेले असताना ती आली. बरोबर जाऊ. दोघींनी सणाची लुगडी नेसली होती. ठकूबाईच्या पायांत वहाणा होत्या, त्या तिला चावत असाव्यात, कारण ओट्यापाशीच काढून टाकल्या.

"पुस्तक आलंय म्हनं," जाऊ म्हणाली. "मास्तर न्हाईत तर बाई, तू वाच."

पळून जायला जागा नव्हती. मी अंक आणला आणि वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदात थांबले. समोर ठकूबाई मांडीवर हात ठेवून बसली होती, तिची मान जराशी कलती होती, सड्यावर असायची तशीच. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "वरच्या वाडीतील ठकूबाई ह्यांनी दाखवल्याप्रमाणे." जाऊनं तिला कोपरानं ढोसलं. मी पुढे वाचत गेले आणि सुचेल तिथे तिचं नाव घालत गेले. इतकं गोड आवाजात मी कधी काही वाचलं नसेल. जाऊच्या डोळ्यांत पाणी आलं.

"परत वाच," ठकूबाई म्हणाली.

मी परत वाचलं. जाऊ उठून बाहेर रांजणाकडे पाणी प्यायला गेली. ठकूबाई जरा पुढे सरकली आणि हळू म्हणाली, "पयल्यांदा वाचलंस तवा डोंबाऱ्याच्या घरट्यापाशी माझं नाव व्हतं. आता तितं न्हवतं. आता तिरचिमनीपाशी आलं."

रागावली असती तर मी सोसलं असतं. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मास्तरनं लिवलं व्हतं का न्हवतं, येवढंच सांग."

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मंग झालं," ती म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. कुणी काढलं, का काढलं, काही नाही. जाऊ आत आली तशी तिला म्हणाली, "चल. आलंय नाव. लई येळा आलंय." वहाणा हातात घेऊन ती अनवाणीच गेली.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. हे सड्यावर गेले तर ती गवत कापत असायची, बोलायची, मास्तर बरं हाय का म्हणायची. पण पाखरू दाखवायची नाही. "डोळं ऱ्हायलं न्हाईत आता," म्हणायची. ह्यांना वाटलं, नाव न छापल्याचा राग. हे तिची माफी मागून आले, संपादकांना चार शब्द सुनावणारं पत्रही लिहिलं. ते टपालात टाकायला मी घेतलं आणि टाकलं नाही. हळूहळू ह्यांचं सड्यावर जाणं कमी झालं. सुट्टीच्या सकाळी हे घरी बसायला लागले, दोनदा चहा मागायचे, कालचं वर्तमानपत्र वाचायचे. मला हवा होता तसा नवरा घरात बसला होता, आणि त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं.

पानशेतचं धरण फुटलं त्याच वर्षी, दोन महिने आधी, ह्यांची बदली झाली. मे महिन्यातली सकाळ. सामानाचा ट्रक शाळेपाशी उभा होता, हे ड्रायव्हरबरोबर कपाटाला दोर बांधत होते. ठकूबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"बाई, जरा चल माझ्यासंगं."

"कुठे?"

"चल म्हनतीया न्हवं."

मी गेले. ती पुढे आणि मी मागे. सड्यावर नाही, त्याच्या अलीकडच्या उघड्या उतारावर, जिथे नुसते दगड आणि तापलेली माती. एका ठिकाणी तिनं पाटी उतरवली, पाठ फिरवून बसली, मलाही बसवलं. ऊन मी म्हणत होतं. बऱ्याच वेळानं ती उठली, वळणं घेत घेत मला एका ढेकळापाशी नेलं आणि हनुवटी हलवली.

ढेकळाच्या सावलीत घरटं होतं. त्याच्या तोंडाशी बारीक खडे मांडून उंबरा केला होता. आत दोन अंडी, पांढुरकी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. आमच्यापासून वीस पावलांवर एक पाखरू अस्वस्थ होऊन दगडावरून दगडावर उडत होतं, आणि दर वेळी त्याची शेपटी तांबडी दिसत होती.

ह्यांनी सहा वर्षं शोधलेलं.

"तीन सालं झाली मला गावून," ठकूबाई म्हणाली. "दर साली हितंच करतुया. मास्तरला दावलं न्हाई. म्हनलं, मी सरले बाजूला तर तुझं भागंल. तर मास्तर घरी बसला आन् तुझं त्वांड तसंच."

"ठकूबाई, मी तुझं नाव..." एवढं म्हटलं.

"माझ्या नावाचं तुला काय करायचं व्हतं? तुला असलं एक पायजे व्हतं, तुझं तुला." तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "हे घे. आता तुला हाय, मास्तरला न्हाई."

मी पुन्हा खाली बघितलं, घरट्याकडे. मान वर केली तेव्हा ती उताराच्या टोकाला पोचली होती. पाटी डोक्यावर तोलत, तापलेल्या दगडांवरून अनवाणी, आली तशीच वळणं घेत, एकदाही सरळ न जाता. हाक मारायचं मनात आलं. मारली नाही. ती उतरली आणि दिसेनाशी झाली, ती मला त्यानंतर कधी दिसली नाही.

खाली ट्रकचा भोंगा वाजत होता. मी धावत आले, ह्यांच्या शेजारी चढले. ट्रक तलावाच्या कडेनं लागल्यावर हे म्हणाले, "काय म्हणत होती ठकूबाई? काही दाखवलं का?"

एक शब्द बोलले असते तर ह्यांनी चालत्या ट्रकमधून उडी टाकली असती. तो चेहरा पुन्हा एकदा उजळला असता, आणि माझ्यामुळे.

"नाही," मी म्हटलं. "भेटायला आली होती."

हे मान वळवून सड्याकडे बघत राहिले. ह्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि मी ते सांगितलं नाही ते नाहीच.